चिखलदऱ्याचा घाट, दुसऱ्या गिअरमध्ये

मी चिखलदऱ्याला जाऊन आलो हे कळल्यापासून अकोल्यात आमच्या जठारपेठेतली माणसं मला तिथल्या हवेबद्दल विचारतात. वैशाखात रात्री पांघरूण लागतं हे खरं का, कॉफीची झाडं कशी असतात, साहेब लोकांचे बंगले आतून कसे दिसतात. मी उत्तरं देतो, कारण शाळामास्तराला प्रश्न विचारला की उत्तर द्यायची खोड असते. पण खरं सांगायचं तर हवा माझ्या फारशी लक्षात नाही. लक्षात राहिला तो रस्ता, आणि त्या रस्त्यावर मोटरीचा कोणता गिअर केव्हा टाकावा ही गोष्ट. मला मोटर चालवता येत नाही, तरी ती मला पाठ झाली आहे. ज्यांना हवा हवी असेल त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारावं. रस्त्याचं मी सांगतो.

आम्ही तिघं गेलो होतो: माझी थोरली बहीण, तिचे यजमान आणि मी. थोरल्या बहिणीला आमच्या घरात बाई म्हणतात, म्हणून इथेही बाईच म्हणतो. बाई हिवरखेडला दिलेली. सासरी बागायती मळा. केळी, वांगी, शेवंती, झेंडू, आणि या सगळ्यावर नजर बाईची. दिवाळीनंतर तिला खोकला लागला तो गेलाच नाही. औषधपाणी नीट व्हावं म्हणून मी तिला अकोल्याला आणलं आणि माझ्या घरात वरच्या माडीवर, जिथे थोडा वारा येतो, तिथे ठेवलं. रामनवमीच्या सुमारास डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दुखणं छातीचं आहे. अकोल्याचा उन्हाळा तिला झेपणार नाही. चिखलदऱ्याची थंड हवा मानवली तर माणूस वाचेल, नाहीतर आपल्या हातात काही नाही. एवढं बोलून त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली. मात्र मी निघालो तेव्हा दारापर्यंत येऊन एक ताकीद दिली, की तिला चालवू नका, धाप लागू देऊ नका, गचके बसू देऊ नका.

भाटवे, म्हणजे बाईचे यजमान नारायणराव, निरोप पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मोटर घेऊन दारात हजर. ही मोटर त्यांनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. वर कापडी टप, पुढे दोन मोठाले दिवे, आणि ब्रेक असा की दाबला तर आधी विचार करणार आणि मग थांबणार. तरुणपणी भाटव्यांनी शंकरपटात बैल पळवले होते. मोटरीकडेही ते जोडी म्हणूनच बघत. साहेबाच्या ड्रायव्हरने त्यांना पडीक शेतात चार फेऱ्या मारून शिकवलं होतं. त्या शिकवणीतून ते एवढंच घेऊन उठले, की निघताना पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर भराभर टाकायचे आणि मग घर येईस्तोवर त्या दांड्याला हात लावायचा नाही. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येणं त्यांना कमीपणाचं वाटे. शिवाय तसं येताना आतून दात करकरा खाल्ल्यासारखा आवाज निघे आणि बसलेल्या माणसाची मान पुढे-मागे हिसडली जाई.

आमच्या मुलखात दुसऱ्यावर येण्यावाचून काही अडत नाही. काळ्या जमिनीतल्या माणसाला चढ माहीत असतो तो नाल्याचा. उतारावरून गाडी मोकळी सोडायची, नाल्यात वेग धरायचा आणि त्याच झोकात पलीकडच्या काठावर चढायचं. बैलांना हाकारून असंच काढतात, आणि मोटरही निघते. हिवरखेडहून उत्तरेला सातपुडा रोज दिसतो, पण त्यावर चाक चढवायची वेळ भाटव्यांच्या घराण्यात कोणावर आलेली नव्हती.

शाळेला सुटी लागली आणि आम्ही निघालो.

बडनेरा

मागच्या बैठकीवर गाद्या घालून बाईला आडवं केलं. तिच्या पायाशी मी, आणि माझ्या पायाशी औषधाच्या बाटल्या, पाण्याची सुरई आणि रोडग्यांची शिदोरी. मूर्तिजापूरपर्यंत रस्ता सरळ आणि ऊन इतकं की टपाचं कापड हाताला चटका देत होतं. भाटवे तिसऱ्या गिअरमध्ये खूश होते. मोकळी वखरलेली शेतं, त्यांत दूरवर एखादं बाभळीचं झाड, आणि माणूस कुठेच नाही. बाईने एकदा मान वर करून कोणाचातरी वांग्याचा वाफा बघितला आणि पाणी चुकवलंय म्हणाली. मला बरं वाटलं. जिला दुसऱ्याच्या वाफ्यातली चूक दिसते ती बाई अजून शाबूत आहे असं मी मनाशी धरलं.

बडनेऱ्याला रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मागच्या बैलांच्या दमण्यांतून ओरडा झाला, आणि घाईघाईत भाटव्यांनी मोटर सरळ तिसऱ्यातच काढायला पाहिली. ती एक उडी मारून रुळांच्या मधोमध बंद पडली. मी हँडल मारायला उतरलो. रेल्वेतली आणि बाजारची माणसं जमली आणि जो तो आपापला उपाय सांगू लागला. एकाने तर इंजिनावरून लिंबू उतरवायला सांगितलं. फाटकवाल्याने हिरवं निशाण खाली ठेवून मागून जोर लावला तेव्हा मोटर पलीकडे गेली. त्या एका उडीने बाईला जो खोकला लागला तो अमरावतीच्या वेशीपर्यंत थांबला नाही. भाटवे वळून वळून बघत होते. त्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट मनात पक्की केली. बाई गाडीत असताना गिअरला होता होईतो हात लावायचा नाही, म्हणजे हिसका बसणार नाही. त्यांच्या समजुतीने ही काळजी होती, आणि घाटात आम्हाला तीच नडली.

अमरावती

अमरावतीला मुक्काम भाटव्यांच्या एका मित्राकडे होता. हिवरखेडची केळी ते वर्षानुवर्षं घेत, त्यामुळे ओळख घरोब्याची. माणसं चांगली. पाय धुवायला पाणी, खाटेवर नवी चादर, जेवायला आमरस, कुरड्या आणि वांग्याचं भरीत. पण पानं वाढली तेव्हा आम्हा सगळ्यांच्या ताटात पितळी वाट्या होत्या आणि बाईच्या पुढे पळसाची पत्रावळ आणि द्रोण. जेवण झाल्यावर फेकून देता येईल असं सगळं. घरच्या बाई नजर चुकवून वाढत होत्या. त्यांना दोष देत नाही. माझ्या घरीही बाईची ताटवाटी निराळी होती आणि ती राखेने निराळी घासली जाई. फरक इतकाच की आपल्या घरी डोळे त्याला सरावलेले असतात.

द्रोण गळका निघाला. रस जमिनीवर सांडू लागला. बाईने तो तळहाताने सावरायला पाहिला. भाटव्यांनी तेवढ्यात आपली वाटी बाजूला सारली आणि मलाही द्रोण द्या, मोटर चालवून हात चिकट झालेत, वाटी धरवत नाही, असं अगदी सहज मागितलं. हात चिकट आणि वाटी यांचा संबंध मला कळला नाही. घरच्या बाईंना कळला असावा, कारण त्यांनी दुसरा द्रोण आणला आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. माझ्या या भाटव्यांची मी आयुष्यभर थट्टा केली आहे. त्या जेवणात केली नाही.

घाट

परतवाड्याला सागवानाच्या लाकडाने भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली होती आणि तिच्यापलीकडे डोंगर. हिवरखेडहून निळा दिसतो तो इथे करपलेला, पिवळा, निष्पर्ण. पानगळीनंतर सागाला फक्त काड्या उरल्या होत्या. मला वाटलं होतं थंड हवेचं ठिकाण म्हणजे पायथ्यापासूनच काहीतरी हिरवं लागेल. लागलं नाही. रात्र परतवाड्याला काढून पहाटे पाणी भरून घेऊन आम्ही घटांगच्या घाटरस्त्याला लागलो. डोंगर समोर आला तसे भाटवे आसनावर पुढे सरकून बसले, समोरच्याची जोडी पटावर आल्यासारखे.

पहिला चढ त्यांनी नाल्यासारखाच काढला. लांबून वेग धरला, आवाज वाढवला, आणि गेलो. दुसराही गेला. मग एक वळण आलं, ते संपल्यावर चढ संपायच्या ऐवजी आणखी उभा झाला. नाल्याला पलीकडचा काठ असतो. घाटाला तो लवकर येत नाही. मोटर धडधडू लागली, मग हुंदके दिल्यासारखी अडखळू लागली. आता तरी दुसरा टाका असं मी ओरडलो. त्यांनी दांड्याला हात घातला तोपर्यंत वेग मेला होता. दांडा करकरला, कुठल्याच गिअरमध्ये गेला नाही, इंजिन बंद पडलं आणि मोटर मागे यायला लागली.

उजवीकडे दरी. भाटवे ब्रेकवर उभेच राहिले. मी उडी टाकली, दगड उचलला, चाकामागे टाकला. तो दळून निघाला. दुसरा टाकला, तो धरला. चाक थांबलं तसा मी रस्त्यातच बसलो.

आता प्रश्न असा की उभ्या चढावर भरलेली मोटर पुन्हा निघेना. भार कमी करायला हवा. मी तर उतरलोच होतो, बाटल्या, सुरई, वळकट्या उतरवल्या. तरी निघेना. तेव्हा बाई गादीवरून उठली, माझ्या खांद्याला धरून खाली उतरली आणि चढ चालायला लागली. डॉक्टरांनी दारापर्यंत येऊन जे सांगितलं होतं ते सगळं मला आठवत होतं. मी तिच्या कमरेला हात घालून चाललो. वरचं सपाट ठिकाण फार लांब नव्हतं, पण तिला दर चार पावलांना थांबावं लागलं. पोचल्यावर ती दगडावर बसली आणि खोकली. पदर तोंडावरून काढला तेव्हा त्यावर लाल ठिपका होता. तिने पदराची घडी आत घेतली. मला दिसलं होतं हे तिला कळलं, आणि भाटव्यांना दिसू नये एवढंच तिने डोळ्यांनी सांगितलं.

मोकळी मोटर मागून वर आली, सामान चढवून निघालो, आणि हेच पुन्हा झालं. भाटवे घाबरून आणखी वेग धरू लागले, वेगामुळे वळणावर मोटर कडेला जाऊ लागली, आणि उभा चढ आला की पुन्हा तोच हुंदका. दुसऱ्यांदा मोटर बंद पडली तेव्हा मी त्यांना वाट्टेल ते बोललो. तुम्ही बैलच हाकायला हवे होते, म्हणालो.  एवढा मोठा माणूस, पण त्यांची हनुवटी थरथरत होती.

बाई मागून बोलली. आवाज घोगरा, पण शांत.

"गणूच्या माडीचा जिना मले पयल्या पायरीपासूनच हळू चढा लागते. मंधात दम लागला, मंग हळू होऊन काई फायदा नाई, तथीच बसा लागते. तुमी मोटरीले दम लागूपर्यंत पळवता, आन मंग गेर बदलाले पाह्यता. चढ दिसला का तथीच बदला. चढाच्या आंधी."

"हिसका बसते ना पन तुले," भाटवे म्हणाले.

"बसू द्या. हिसका सोसन मी. उतरून चालनं नाई सोसत."

माझ्या माडीवर ती महिनोन्‌महिने जिना चढत-उतरत होती. ती इतक्या हळू का चढते हा प्रश्न मला कधी पडला नाही, रेंगाळत असेल असंच वाटे. ती श्वास मोजूनमापून खर्च करत होती.

त्यानंतर भाटव्यांनी तसं केलं. वळणाच्या अलीकडेच, मोटर मजेत चालली असताना, दुसरा. समोरचा चढ उभा दिसला की पहिला. आवाज करकर होत होता, हिसके बसत होते, प्रत्येक हिसक्याला बाई डोळे मिटून दोन्ही हातांनी गादी धरत होती. पण मोटर थांबली नाही. गोगलगायीसारखी, एका सुरात, कण्हत कण्हत ती वर चढत गेली. पाण्याच्या टाकीतून वाफ येऊ लागली की थांबायचो, पाणी घालायचो, आणि निघताना पुन्हा पहिला. बाईला मग वरपर्यंत एकदाही उतरावं लागलं नाही. दुपार कलली तेव्हा वारा बदलला. गार, कोरडा, धुरकट वासाचा वारा. बाईने तोंड उघडून तो आत घेतला. मी आशा धरली ती तिथे.

चिखलदरा

चांगले बंगले सगळे साहेबांचे आणि नागपूरच्या बड्या अंमलदारांचे. आम्हाला एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. ओसरी मात्र छान. समोर रस्त्याचा एक छोटा उतार, पुढे दरी. गवळ्याची बायको सकाळी दूध आणी, इतकं दाट की बाई म्हणे यात पाणी घालायला यांना कोणी शिकवलंच नाही वाटतं. दूध, अंडी, मऊ भात, आणि डॉक्टरांची कडू बाटली. संध्याकाळी शेकोटी. आपल्याकडे वैशाखात माणसं अंगणात पाणी शिंपडून झोपतात. इथे कानटोपी घालून झोपायचं. पहिल्या आठवड्यात बाईच्या गालावर थोडी रया आली. खोकला उतरला. मी घरी कार्ड टाकलं की हवा मानवते आहे.

खाली जवळच कोरकू लोकांची वस्ती होती. एका झाडाखाली त्यांनी कोरलेले लाकडी खांब रोवले होते, त्यांवर सूर्य, चंद्र, घोड्यावर बसलेला माणूस. हे त्यांच्यातल्या गेलेल्या माणसांचे, असं गवळ्याच्या बायकोने सांगितलं. आपल्याकडे माणूस गेलं की तेराव्या दिवशी गोड जेवून सगळं आवरतं, आणि मग उरतात त्याच्या नावाच्या दोन-चार गोष्टी, त्याही सांगणारे असेपर्यंत. इथे त्याला झाडाच्या सावलीत उभंच करतात. बाईने हट्टच धरला म्हणून तिला खुर्चीत बसवून मी तिथवर नेलं होतं. तिने एका खांबाकडे पुष्कळ वेळ बघितलं, कोरणाऱ्याने घोड्याला पाच पाय काढलेत हे मला दाखवलं आणि हसली. मला हसू आलं नाही. मला तिला तिथे आणायचंच नव्हतं.

त्या दिवसांत भाटव्यांनी एक उद्योग धरला. रोज सकाळी ते मोटर काढून समोरच्या उतारावर चढवायचे, उतरवायचे, पुन्हा चढवायचे. गिअर बदलताना क्लच एकदा दाबायचा, सोडायचा, मध्ये इंजिनाला थोडा जोर द्यायचा, पुन्हा दाबायचा, आणि मग दांडा सरकवायचा. असं केलं की करकर होत नाही हे त्यांनी आपलं आपण, चुकत चुकत शोधून काढलं. उतरताना मात्र त्यांचा नाल्याचा हात जाईना. एकदा उतारावर त्यांनी मोटर मोकळी सोडली, ब्रेकने ऐकलं नाही, आणि ती घाणेरीच्या झुडपात घुसून एक दिवा फोडून घेऊन थांबली. त्या दिवसापासून ते ज्या गिअरमध्ये चढत त्याच गिअरमध्ये उतरू लागले. मग ब्रेक लागतच नसे. इंजिनच मोटरीला मागे ओढून धरी.

बाई ओसरीवर शाल घेऊन बसायची आणि मोटरीकडे कान लावायची. भाटवे खाली उतरून ओसरीपाशी येत आणि विचारत काही नसत, नुसते उभे राहत. बाई सांगायची, आज हिसका दोनदा बसला. किंवा, एकदाच बसला. एका सकाळी ती म्हणाली, "आज हिसका नाई बसला." भाटव्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं आणि आत जाऊन स्वतःच्या हाताने चहा केला. बायकोसाठी चहा करणारा नवरा मी आमच्या जातगोतात तोवर पाहिला नव्हता. त्या दोघांचा संसार मी वीस वर्षं बघत आलो होतो, आणि मला वाटतं मला तो त्याच महिन्यात दिसला.

मग एका संध्याकाळी बाईला खोकला आला आणि रक्त पडलं. ठिपका नाही, ओंजळभर. हवापालटासाठी आलेले एक डॉक्टर जवळच राहत, ते आले. त्यांनी नाडी बघितली, छाती ऐकली आणि बाहेर येऊन आम्हा दोघांना सांगितलं की आता हवेचा प्रश्न राहिलेला नाही. इथे ठेवा नाहीतर घरी न्या. न्यायची असेल तर पावसाने घाट धरायच्या आत न्या, आणि जपून न्या.

इथेच ठेवू, असं मी म्हणालो. त्या उतारावरून तिला खाली न्यायचं या विचाराने मला घाम फुटला होता.  भाटवे आत गेले आणि त्यांनी बाईलाच विचारलं. बाईने विचार केला नाही.

"मले हिवरखेडले न्या," ती म्हणाली. "तथी केळीत पानी फिरून राह्यलं असन. थे पाह्यतो आन मंग काय व्हाचं थे होऊ दे."

उतार

निघालो त्या सकाळी दरीतून ढग वर आले होते. पन्नास पावलांवरचं दिसत नव्हतं. या खेपेला मी पायाशी नाही, उशाशी बसलो आणि बाईचं डोकं मांडीवर घेतलं. भाटव्यांनी निघायच्या आधी मोटरीभोवती एक फेरी मारली, चाकांना हात लावला, आणि मग आसनावर बसून पहिला टाकला, थोडं पुढे जाऊन दुसरा. मला तो पडलेलासुद्धा कळला नाही.

ज्या घाटाने चढताना आमची दैना केली होती तो घाट आम्ही असा उतरलो, की कोणाला खोटं वाटेल. दुसऱ्या गिअरमध्ये, एका संथ गुरगुरीत, ना ब्रेकचा वास ना दगडांची धावाधाव. वळण उभं दिसलं की त्याच्या आधीच पहिला, वळण संपलं की पुन्हा दुसरा. भाटव्यांची मान मागून मला दिसत होती, ताठ, घामाने भिजलेली. गार ढगात त्यांना घाम येत होता. मोटर मागे रेलून, पाय रोवून उतरत होती. डोक्यावर भरला हंडा घेतलेली पाणकीण टेकडी अशीच उतरते.

अर्ध्या घाटात बाईने डोळे उघडले. मला वाटलं पाणी हवंय. तिने मान हलवली आणि ओठ हलवले, मी वाकून ऐकलं.

"एकबी नाई बसला," ती म्हणाली. "त्याइले सांग."

मी मोठ्याने सांगितलं. भाटव्यांनी मागे बघितलं नाही, वळण होतं. त्यांनी फक्त मान डोलावली.

त्यानंतर ती झोपली. ढगातून आम्ही खाली आलो, ऊन लागलं, तेच निष्पर्ण साग दोन्ही बाजूंना. मी टपाची सावली तिच्या तोंडावर येईल असा सरकून बसलो. पायथ्याशी पोचायच्या थोडं आधी मला तिच्या डोक्याचं ओझं वेगळं लागलं. मी तिच्या नाकाशी हात धरला, मग छातीवर ठेवला. मग भाटव्यांच्या खांद्यावर ठेवला. त्यांनी मोटर हळूच कडेला घेतली आणि उभी केली. मागे येऊन त्यांनी बाईचा हात हातात घेतला, मनगट धरून बराच वेळ बसले, तिचे अर्धवट उघडे डोळे मिटले, शाल गळ्यापर्यंत होती ती तशीच राहू दिली. तोंडावर ओढली नाही. मी रडलो, अगदी मोठ्याने, शाळेतल्या पोरासारखा. ते रडले नाहीत. परतवाड्यात थांबून माणसं गोळा करावीत का, असं मी कसंबसं विचारलं. घरी चाल, एवढंच ते म्हणाले.

तिथून रस्ता सपाट आहे. परतवाडा, अंजनगाव, अकोट, आणि मग हिवरखेड. दुतर्फा काळी जमीन, मध्ये कोरडे ओढे, चढ म्हणावा असा एकही नाही. भाटवे दुसऱ्या गिअरमध्येच चालले होते. इंजिन ओरडत होतं, टाकी तापत होती, बैलगाड्या आम्हाला मागे टाकतील की काय अशी चाल. अंजनगावच्या बाजारातली माणसं उभी राहून बघू लागली, एकाने हाताने खूण करून हसत काहीतरी सांगितलं. ऊन चढत होतं आणि बाईला घेऊन घर गाठायला हवं होतं. गाव मागे पडल्यावर मी म्हणालो, भाटवे, आता सपाट आहे, तिसरा टाका.

त्यांनी दांडा टाकायचा हात स्टिअरिंगवरून उचलून माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता.

"नाई गणू," ते म्हणाले. "आता या हाताचा भरोसा नाई. हिसका बसन तिले."